टाइल चकचकीत, सांधे मळके: ग्राउट का डागाळतो आणि त्याचं करायचं काय

बाथरूम नवं करताना टाइल निवडायला आपण चार दुकानं हिंडतो. दोन टाइल्समधली दोन-तीन मिलिमीटरची फट कुठल्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याने, भरायची, हे मात्र मिस्त्रींवर सोडून देतो. ते हाताशी असेल ते भरतात. बहुतेक वेळा व्हाइट सिमेंट, फार तर त्यात चमचाभर ऑक्साइड रंग. मग महिनाभरात तक्रार सुरू होते. करड्या सांध्यांत कुठे पांढुरके ढग, कुठे काळपट पट्टे, नळाखाली पिवळसर झाक. ‘ताई, वाळलं की सगळं एकसारखं दिसेल,’ असं मिस्त्री सांगतात. कधी कधी ते खरंही असतं.

नसलं, तर पुढची पायरी बहुतेक घरांत ठरलेली आहे. संडासासाठी आणलेलं ॲसिड ओतायचं आणि तारेच्या घासणीने रगडायचं. सांधा काही दिवस उजळतो आणि मग पूर्वीपेक्षा लवकर मळतो. म्हणून ती बाटली उघडण्याआधी डाग नीट बघावा. तो कधी पडला, कुठे पडला, ओला आणि कोरडा असताना कसा दिसतो, एवढं पाहिलं तरी बहुतेक डागांचं मूळ कळतं. आणि ते मूळ या ना त्या वाटेने पाण्यापाशीच पोहोचतं.

सांध्यात असतं काय?

सिमेंटच्या ग्राउटमध्ये सिमेंट, अगदी बारीक वाळू किंवा दगडाची पूड, रंग आणि थोडं पॉलिमर असतं. इपॉक्सी ग्राउटमध्ये सिमेंट नसतं. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की तो घट्ट होतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिला प्रकार आहे, म्हणून आधी तो.

सिमेंट घट्ट होतं ते वाळल्यामुळे नाही, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. त्या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. पण तेवढ्याच पाण्यात कालवलेला मसाला फटीत सरकत नाही, म्हणून पाणी जास्त घालावं लागतं. हे जादा पाणी पुढे उडून जातं आणि जाताना केसाहून बारीक वाटा मागे ठेवतं. उद्या साबणाचं पाणी, तेल, मळ आत शिरतो तो याच वाटांनी. पाणी जितकं जास्त घातलं, तितका सांधा पोकळ, फिकट आणि मऊ.

त्याच क्रियेत चुनाही तयार होतो. पाणी बाहेर पडताना तो विरघळून पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. खडूत असतो तोच पदार्थ. पांढुरके ढग बहुतेकदा हेच असतात. भिंतीला लोणा लागतो तसं हे दिसतं, पण एक फरक आहे. लोण्यातले बरेचसे क्षार ओल्या फडक्याने निघतात. कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून कितीही धुतलं तरी सुकल्यावर ढग जागच्या जागी.

टाइलचाही यात हात असतो. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी पिते. भिंतीची चकचकीत सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून अधिक पिऊ शकते. चकाकी फक्त वरच्या तोंडाला असते, कडा उघड्याच. अशा कोरड्या कडा ताज्या ग्राउटमधलं पाणी ओढून घेतात आणि सिमेंटची क्रिया अर्धवट राहते. फरशीवरचा ग्राउट आणि भिंतीवरचा ग्राउट एकाच पाकिटातला असूनही दोन छटांचा दिसतो, त्याचं एक कारण हे.

काम करतानाच झालेले घोटाळे

पहिल्या महिन्यातच दिसणारा ठिगळ-ठिगळ रंग हा डाग नसतो. ते कामाचं वळण असतं. कणीक मळताना पाणी अंदाजाने घातलेलं चालतं, कारण हाताला घट्ट-सैल कळतं आणि तव्यावर सगळं जमून येतं. ग्राउटमध्ये तो अंदाज कायमचा रंग होऊन बसतो. सकाळचा घमेलाभर मसाला पातळ आणि दुपारचा घट्ट असेल, तर खिडकीखालचा पट्टा फिकट आणि दाराजवळचा गडद होणारच. पाकिटावर किलोला किती मिलिलिटर पाणी ते छापलेलं असतं. मापाचा मग मिस्त्रींच्या हातात ठेवणं हा या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. मसाला घट्ट व्हायला लागला की वरून पाणी शिंपडून पुन्हा सैल करण्याची सवयही तितकीच घातक.

दुसरी सवय पुसण्याची. ग्राउट भरून झाला की निथळत्या स्पंजने लगेच टाइल्स पुसल्या जातात. त्याने वरच्या थरातला रंग आणि सिमेंट धुऊन जातं, जिथे हात दोनदा फिरला तिथे जास्त. ग्राउट बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, स्पंज घट्ट पिळायचा, सांध्याला तिरपा फिरवायचा आणि बादलीतलं पाणी बदलत राहायचं. सांधे लवकर सुकावेत म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरण्याचीही पद्धत आहे. ती सरळ थांबवा. त्या कोरड्या पुडीला पुरेसं पाणी मिळत नाही आणि तिचा भुसभुशीत थर पुढच्या काही आठवड्यांत पायाखाली निघून येतो. ‘पंखा लावून ठेवा, लवकर वाळेल,’ हाही तसाच सल्ला. लवकर वाळलेला सिमेंटचा सांधा म्हणजे कच्चा सांधा.

कधी फटीत खालचा टाइल चिकटवायचा मसाला वर आलेला असतो आणि तो खरवडायचा राहून जातो. तिथे ग्राउटचा थर एखादा मिलिमीटर, शेजारी सात मिलिमीटर. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि वेगवेगळे दिसतात. आणि ज्याला पेपर जॉइंट म्हणतात, म्हणजे स्पेसर (फट राखणारे छोटे तुकडे) न लावता टाइलला टाइल भिडवून बसवणं, त्यात तर ग्राउट आत जातच नाही. वरून माखलेली पापडी तेवढी राहते. लांबून ते बिनसांध्याचं, सुबक दिसतं, ग्राहकाला तेच हवं असतं, आणि मिस्त्रीही नाही म्हणत नाहीत. बाथरूममध्ये निदान २ मिलिमीटरची फट ठेवायलाच हवी.

नंतर पडणारे डाग ओळखायचे कसे

घरात दुसरं बाथरूम असेल तर पहिलं दोन दिवस बंद ठेवा. पूर्ण कोरडं झाल्यावर बघा, मग ओल्या स्पंजने सांधे भिजवून बघा. भिजवल्यावर पांढरे ढग गायब झाले आणि सुकल्यावर परत आले, तर तो चुना तरी आहे किंवा पाण्याच्या कमी-जास्त मापाने आलेला पोकळपणा. दोन दिवसांनीही काही पट्टे काळपट, ओलसरच दिसले, तर तो डाग नाही, ओल आहे. अशा जागी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा. आतून दव जमलं, तर पाणी खालून वर येतंय.

आपल्या फ्लॅटमध्ये हे वारंवार होतं, कारण बाथरूमचा स्लॅब अनेकदा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा भराव घालून वर आणलेला असतो. त्या भरावात एखाद्या पाइपच्या जोडातून किंवा न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने पाणी मुरत राहिलं, तर वरचे सांधे वर्षानुवर्षं ओले राहतात. इथे घासणं, रंगवणं, नवा ग्राउट भरणं, सगळं वाया. आधी प्लंबर.

काळे ठिपके दिसले तर साध्या क्लोरीनच्या ब्लीचचा एक थेंब टाका. काही मिनिटांत ठिपका फिका पडला, तर ती बुरशी. जागचा हलला नाही, तर साबण आणि मळाचा थर. गुलाबी-केशरी बुळबुळीत थर ही बुरशी नसते. बऱ्याचदा तो सेरेशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूंचा असतो. साबण-शाम्पूच्या उरलेल्या अंशावर ते जगतात. पुसले की सहज निघतात आणि आठवड्यात परत येतात.

नळाखालची तांबूस-पिवळी ओघळ लोखंडाची. बोअरवेलचं पाणी किंवा जुने गंजके पाइप. यावर ब्लीच अजिबात नको, लोहाचा डाग त्याने अधिक पक्का होतो. फरशी पॉलिश करणारे जी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरतात, ती या डागाला लागू पडते. पण ती विषारी आहे. हातमोजे घालायचे, थोडीच घ्यायची आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायची.

हळदीचा डाग आपल्या घरांत चुकत नाही. लग्नघर असेल तर बघायलाच नको. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आणि साबण आणि सिमेंट दोन्ही अल्कलीच, म्हणून हळद लागलेला सांधा धुतल्यावर उलट तांबडा दिसतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. हा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर निम्मं काम तेच करतं. उटण्या-तेलाचं तसं नाही. तेल आत मुरतं आणि त्यावर धूळ बसून दिवाळीनंतर सांधे काळवंडतात.

आता पाण्याचा जडपणा. साबणातली मेदाम्लं जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून न विरघळणारा पांढरट चिकटा बनवतात, आणि तोच सांध्यांत जाऊन बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. मुंबईला भातसा-तानसा-वैतरण्याचं पाणी येतं, पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचं. हे धरणाचं पाणी मऊ. टँकर आणि बोअरवेलवर चालणाऱ्या शहराच्या कडेच्या सोसायट्यांत मात्र तोच साबण, तीच टाइल आणि तोच ग्राउट वर्षभरात ओळखू येत नाही. तिथे साबणाच्या वडीऐवजी लिक्विड बॉडी वॉश वापरलं तरी फरक पडतो. त्यातल्या बहुतेकांत साबण नसून डिटर्जंट असतं आणि त्याचा चिकटा होत नाही.

साफ करताना

सौम्यापासून सुरुवात करावी. भांड्यांचं लिक्विड, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश, तेलकट मळाला एवढं पुरतं. तारेची घासणी नको. तिचे बारीक कण सांध्यात अडकून गंजतात आणि नवाच डाग देतात.

त्याने भागलं नाही तर ऑक्सिजन ब्लीच. कपड्यांच्या डागांसाठी मिळणाऱ्या अनेक पावडरींमध्ये सोडियम परकार्बोनेट असतं. पाकिटावर ते नाव वाचून घ्या. गरम पाण्यात ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा यांत फुटतं. ताजं द्रावण सांध्यांवर ओतून पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवायचं, मग ब्रश आणि पाणी. साबण, मळ, हळद, हलकी बुरशी यांवर हे चांगलं चालतं आणि सिमेंटला खात नाही. माझ्या मते घरात ठेवण्यासारखी ही एकच वस्तू आहे. बुरशी जुनी असेल तर साधं क्लोरीनचं ब्लीच, दहापट पाणी घालून, खिडकी उघडी ठेवून. रंगीत ग्राउटवर आधी कोपऱ्यात चाचणी घ्या.

पांढरे ढग आणि क्षाराचे थर मात्र आम्लाशिवाय निघत नाहीत. पण कुठलं आम्ल, हा प्रश्न आहे. संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये सहसा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते कार्बोनेट विरघळवतं आणि तिथे थांबत नाही, खालचं सिमेंटही खातं. सांध्याची वरची कातडी जाते, वाळूचे कण उघडे पडतात, पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि मळ धरायला त्याहून चांगली जागा नाही. एकदा हे झालं की साफसफाईचा विषय संपतो आणि दुरुस्तीचा सुरू होतो. त्याऐवजी सल्फॅमिक आम्लावर आधारलेले टाइल क्लीनर मिळतात, ते सौम्य असतात. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यायचे, म्हणजे आम्ल आत न शोषलं जाता वरच काम करतं. पाचेक मिनिटांत घासून भरपूर पाण्याने धुवायचं. ग्राउट महिनाभर जुना होईपर्यंत हेही करू नये. आणि बाथरूममध्ये संगमरवर, कोटा, कडप्पा किंवा शहाबादी असेल तर कुठलंच आम्ल नको. हे सगळे चुन्याचे दगड आहेत. त्यांच्यावर आम्लाचा डाग कायमचा उमटतो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. आज ब्लीच लावलं असेल तर धुऊन, सुकवून, आम्ल दुसऱ्या दिवशी.

व्हिडिओंमध्ये दिसणारा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग बिनधोक आहे, पण निकामीही आहे. अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारतात, फेस येतो आणि हातात राहतं खारट पाणी. सोडा नुसता ओलसर लावून घासलात तर जास्त उपयोग.

डाग निघालाच नाही तर

सांधा भक्कम आहे, कुठे भेग नाही, फक्त रंग विचित्र आहे, अशा वेळी ग्राउटवर लावायचा रंग मिळतो. बारीक ब्रशने सांध्यावर लावायचा आणि टाइलवरचा लगेच पुसायचा. किचकट आहे, पण मजुरी लागत नाही. अट एकच. सांधा पूर्ण कोरडा आणि तेलविरहित हवा. खालून ओल येत असेल तर हा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

भेगा, भुसभुशीतपणा किंवा आम्लाने खाल्लेले सांधे असतील तर ग्राउट काढून नवा भरावा लागतो. जुन्यावर नवा माखून काही होत नाही. टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जुना काढायचा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या टाइलला ५-६ मिलिमीटर. यासाठी ग्राउट काढायची छोटी हातकरवत किंवा थरथरणाऱ्या पात्याचं मशीन मिळतं. ग्राइंडर लावला तर काम लवकर होतं, पण टाइलच्या कडा उडतात आणि त्या परत येत नाहीत.

खर्चाचा अंदाज घ्यायचा तर ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या, ८ मिलिमीटर जाड टाइलला २ मिलिमीटरचा सांधा असेल, तर चौरस मीटरला साधारण १३० ग्रॅम ग्राउट लागतो. भिंती धरून २० चौरस मीटरच्या बाथरूमला वाया जाणारा धरूनही तीन-साडेतीन किलो. मजुरीपुढे हा आकडा किरकोळ आहे. म्हणून इथे व्हाइट सिमेंट आणून पैसे वाचवणं मला कधीच पटलेलं नाही. त्यात वाळू नाही, पॉलिमर नाही. ते आकसतं, तडकतं आणि पाणी पितं. सगळी पाकिटं एकाच लॉटची घ्या आणि कोरडी असतानाच एकत्र मिसळून घ्या.

किती फरक पडतो ते आयएसओ १३००७ या मानकातल्या चाचणीत दिसतं. ठरावीक मापाचा नमुना २४० मिनिटं पाण्यात ठेवतात. साध्या सीजी १ वर्गाच्या सिमेंट ग्राउटला १० ग्रॅमपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे, पाणी कमी शोषणाऱ्या सीजी २ डब्ल्यू वर्गाला ५ ग्रॅम आणि इपॉक्सीच्या आरजी वर्गाला फक्त ०.१ ग्रॅम.

म्हणजे इपॉक्सीच भरावा? आंघोळीच्या जागेत आणि फरशीला, हो. हळद, तेल, साबण त्यात शिरत नाही, चुना तर मुळातच नाही. पण तो प्रत्येक मिस्त्रींचं काम नाही. मिसळल्यावर पाऊण-एक तासात, उन्हाळ्यात त्याहून लवकर, तो घट्ट होऊ लागतो आणि टाइलवर राहिलेला पातळ थर तेव्हाच पुसला नाही तर नंतर सहजासहजी निघत नाही. मिस्त्रींनी पूर्वी केलेलं इपॉक्सीचं काम बघूनच होकार द्या. पांढराशुभ्र इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो, तेव्हा खिडकीजवळ करडी छटा बरी. आणि इपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. खालच्या मजल्यावर गळणारं पाणी पाइपमधलं असेल तर वरून कितीही इपॉक्सी भरला तरी ते गळतच राहील.

सिमेंट ग्राउटवर सीलर लावता येतो. सिलेन-सिलॉक्सेन जातीचा सीलर आत मुरतो आणि पाणी झिडकारतो. तो रंग सुधारत नाही, आहे तो टिकवतो. अर्धवट ओल्या सांध्यावर लावला तर ठिगळं तशीच बंद होऊन बसतात, आणि कमी-जास्त लावला तर नवी ठिगळं तयार होतात. थेंबभर पाणी सांध्यावर टाकून बघायचं. गोल राहिलं तर सीलर शाबूत, जिरलं तर पुन्हा लावायची वेळ.

भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात मात्र कुठलाच सिमेंट ग्राउट टिकत नाही, कारण दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात. तिथे रबरासारखं लवचिक, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकोन भरतात, आणि ते काळं पडलं की कापून काढून नवं भरायचं असतं, घासायचं नसतं. फरशीला मीटरमागे १२ ते १५ मिलिमीटर उतार नसेल तर पाणी कोपऱ्यातच साचणार. तोवर आंघोळ झाल्यावर वायपर फिरवणं आणि अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवणं एवढंच हातात राहतं. कोकणात पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा.